पिशवीचा पासपोर्ट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणासाठी नाही, फक्त स्वतःसाठी. मोठ्या कामाच्या सुरुवातीला माणसाने नोंदी ठेवाव्यात.

मोठं काम असं. नेदरलँड्सची जी कंपनी तीन हंगामांपासून आपल्या कापडी पिशव्या घेते, तिचा मेल आला. त्यांना आता प्रत्येक पिशवीचा 'डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट' हवा आहे. म्हणजे पिशवीला एक QR कोड. गिऱ्हाइकाने मोबाईल धरला की पिशवीची जन्मकुंडली दिसली पाहिजे. कापूस कुठला, सूत कुठलं, रंग कोणता, शिवली कुठे, फाटली तर सांधायची कशी. युरोपात तसा कायदा येऊन राहिला. कापडाची तारीख अजून ठरायची आहे, पण ही मंडळी आतापासूनच मागतात. माहिती नीट दिली तर पुढच्या वर्षाचं काम, नाही तर राम राम.

अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये चौदा बाया मशीनवर बसतात. त्यातल्या बहुतेकींचं काम याच ऑर्डरवर चालतं. तेव्हा हा विषय मी स्वतः हाती घेतला आहे.

बायकोने, म्हणजे दामिनीने, विचारलं, "मेल पुरा वाचला का तुमी?" मी म्हटलं, सार समजलं. पहिला परिच्छेद वाचला होता. हुशार माणसाला तेवढा पुरतो.

५ नोव्हेंबर

रोज पहाटे उठून अभ्यास करायचा असं ठरलं होतं. गजर झाला की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.

मी उठलो तेव्हा दामिनी शेडवर गेली होती. कटिंग, शिलाई, माल, बायांच्या सुट्ट्या हे ती बघते. मी बाहेरचं बघतो. बाहेरचं म्हणजे बँक, मेल आणि धंद्याची एकूण दिशा.

१० नोव्हेंबर

वेबिनार केला. फुकट होता. बॅटरीवाले, टायरवाले, फर्निचरवाले, लोखंडवाले, सगळे होते. म्हणजे हे एकट्या पिशवीवर आलेलं नाही. पुढेमागे युरोपात जाणाऱ्या बऱ्याच वस्तूंना हा पासपोर्ट लागणार. बॅटरीवाल्यांना तर तारीखही पडली आहे. त्यातला एक अगदी रडवेला होऊन विचारत होता की माझ्या बॅटरीतलं कोबाल्ट कोणत्या खाणीतून आलं हे मी कसं सांगू, माझा सप्लायरच सांगत नाही. मी चॅटमध्ये लिहिलं, "सप्लायरला विश्वासात घ्या." त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. माझा सल्ला सर्व उद्योगांना लागू पडतो असं दिसतं.

दुसऱ्या तासाला डोळा लागला. महत्त्वाचं आधीच होऊन गेलं होतं.

१७ नोव्हेंबर

कंपनीने तक्ता पाठवला. दामिनीने निम्मा तर उभ्या उभ्याच भरला. पिशवीचं वजन विचारलं होतं. तिने पिशवी काट्यावर ठेवली आणि लिहिलं. मी असतो तर आधी पद्धत ठरवली असती.

"कापूस कुठून आला" या रकान्यापाशी अडलं. ती अकोल्याला जाऊन आली. तिथले अब्दुल सत्तार, ज्यांच्या मागांवरून आपलं कापड येतं, ते म्हणाले, "भाभी, सूत मिल से आता. मिल में रुई की गठान जिनिंग से आती, जहां सरकी निकलती. जिनिंग में बुलढाणे से यवतमाळ तक का कापूस एकीच ढेर में गिरता. अब कौनसा बोंड किसका, अल्ला जाने."

दामिनीने रकान्यात लिहिलं, "मिश्र कापूस, वऱ्हाड."

मला फार वाईट वाटलं. मिश्र. जसा काही शिळा चिवडा. मी म्हटलं, तक्ता मला दे, मी भाषा सुधारून पाठवतो.

१८ नोव्हेंबर

सुचलं. आंघोळ करताना सुचलं.

युरोपच्या माणसाला माहिती नको असते, गोष्ट हवी असते. एक शेत, एक शेतकरी, एक पिशवी. माझे सख्खे मामा रामराव यांचं वलगावला वावर आहे. लहानपणी मी तिथे कापसाच्या ढिगात लोळलो आहे. तेव्हा हे खोटं नाही. फक्त जुनं आहे.

दामिनीचं "मिश्र" खोडून लिहिलं: "एकाच शेतातला कापूस. गाव वलगाव. शेतकरी रामराव, सात पिढ्यांपासून शेती. फवारणी नाही. पाणी फक्त आभाळाचं." मामांचे वडील पोस्टात होते, पण सात पिढ्यांत एखादी पोस्टाची निघाली तर बिघडत नाही. शेवटी संस्थापकाचा संदेश आणि माझा फोटो जोडला. लग्नातला आहे, पण चेहरा तोच.

पाठवून दिलं. दामिनीला सांगितलं नाही. चांगली बातमी पिकू द्यावी.

२१ नोव्हेंबर

कंपनीचं उत्तर. "फार सुंदर" असं लिहिलं आहे. पुढे लिहिलं आहे की त्यांच्या मुंबई ऑफिसच्या माधवी नावाच्या बाई १३ डिसेंबरला येतील आणि हे शेत बघतील.

पहिलं वाक्य पुन्हा वाचलं.

२६ नोव्हेंबर

मामांना फोन करायचा आहे. आज केला नाही. मामांशी बोलायचं तर मन शांत पाहिजे.

शेडवर गेलो होतो. गंगूबाई, आपल्या सगळ्यात जुन्या शिलाईवाल्या, मशीन न थांबवता म्हणाल्या, "साहेब, संक्रांतीनंतर काम हाय ना? पोरीची फी भराची हाय." मी म्हटलं, काळजी करू नका, मी लक्ष घातलं आहे. त्यांनी दामिनीकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे.

३० नोव्हेंबर

फोन केला. मी म्हटलं, मामा, यंदा पऱ्हाटी कशी आहे?

मामा म्हणाले, "कोनती पऱ्हाटी? तीन वर्स झाले, मी कापूस लावलाच नाई. वेचाले बाया भेटत नाईत. सोयाबीन काढलं अन् हरभरा पेरला. तू काहून विचारून राहिला?"

मी म्हटलं, सहज.

हरभरा या दिवसांत वीतभर असतो. त्याला कापसाची बोंडं बांधून भागणार नाही. हा विचार मी गंभीरपणे केला नव्हता. दोरा मात्र काढून ठेवला होता, तो परत ठेवला.

२ डिसेंबर

मार्ग निघाला. मामांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून नत्थुजींचं वावर आहे, आणि त्यात कापूस असा फुटला आहे की डोळे दिपावेत. नत्थुजींना म्हटलं, एक दिवस तुम्ही रामराव व्हा.

त्यांनी विडी शिलगावली. मग म्हणाले, "मी रामराव झालो तं रामराव कोन होईन?"

प्रश्न बरोबर होता. मामांना त्या दिवशी अमरावतीला डोळे तपासायला पाठवायचं ठरवलं. अपॉइंटमेंट मीच घेतली. भाच्याचं कर्तव्यही झालं.

८ डिसेंबर

नत्थुजींची तालीम घेतली. नाव विचारलं की "रामराव" म्हणतात, पण आधी थोडं हसतात. किती पिढ्या विचारलं तर "सात" म्हणतात आणि मग बोटं मोजत बसतात. मुख्य अडचण फवारणीची. त्यांना फवारणीचा अभिमान आहे. यंदा गुलाबी बोंडअळी सगळ्यांच्या वावरात शिरली, यांच्या नाही. ते म्हणतात, "एवढं औषध मारलं भाऊ, अन् ते सांगाचं नाई? मंग का अळीनं आपल्या मनानं सोडलं मले?"

मी म्हटलं, तुम्ही निस्ती मान हलवा. बोलायचं मी बघतो.

१२ डिसेंबर

उद्या. तयारी पूर्ण. खादीचा कुर्ता इस्त्री केला. दामिनीने विचारलं, मॅडमना स्टेशनवरून थेट शेडवर आणता ना? मी म्हटलं, आधी थोडं निसर्ग दाखवतो. ती म्हणाली, "कोनता निसर्ग?" मी विषय बदलला.

संकल्प: उद्या शुद्ध बोलायचं. मुंबईच्या माणसासमोर "करून राहिलो" म्हटलं की भाव उतरतो.

१३ डिसेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे माझी बाजू स्पष्ट होईल.

माधवी मॅडमना बडनेरा स्टेशनवर घेतलं. पस्तिशीच्या असतील. कमी बोलतात. मी सबंध रस्ता शुद्ध बोललो. "आपला प्रवास सुखकर झाला ना", "येथील मृदा काळी असून सुपीक आहे", असं. त्या "हो का" म्हणत होत्या.

वलगावच्या फाट्यावर नत्थुजी उभे होते. नवा स्वेटर, कपाळाला गंध. त्यांना गाडीत मागे घेतलं आणि वळून, मॅडमला कळू नये म्हणून, भराभर वऱ्हाडीत सांगितलं, "नत्थुजी, ध्यानात हाय ना? आज तुमी रामराव. फवाऱ्याचं नाव काढाचं नाई. बाई मुंबईची हाय, तिले आपलं काही समजत नाई. निस्ती मान हालवा."

नत्थुजींनी मान हलवली. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, मृदा बघतात.

वावरात उतरलो. कापूस बघून त्या खरंच खूश झाल्या. बोंड हातात घेतलं, सरकी दाबून पाहिली. त्यांना हे कसं येतं असा विचार तेव्हाच मनात यायला हवा होता.

त्यांनी विचारलं, "काका, नाव काय तुमचं?"

नत्थुजी हसले. म्हणाले, "रामराव. मंजे, आजच्या दिवस."

मी म्हटलं, हे विनोदी आहेत.

त्यांनी विचारलं, फवारणी करता का? नत्थुजींनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. मग कापसाकडे पाहिलं. आणि ते फुटले. पाच फवारण्या केल्या, कोणतं औषध, किती पंप, कोणत्या नक्षत्रात, शेजारच्याने कसं ऐकलं नाही आणि तो कसा बुडाला. एवढं सुसंबद्ध बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मॅडम मोबाईलमध्ये टिपून घेत होत्या.

तेवढ्यात धुऱ्यावरून मोपेड आली. मामा. डोळ्यांचे डॉक्टर रजेवर. हातात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा डबा, कारण पाहुणे आलेत असं कोणीतरी गावात सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "या, तुम्ही कोण?"

मामा म्हणाले, "मी रामराव. हा माह्या भाचा."

मॅडमनी नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजी म्हणाले, "मी मनलंच होतं, आजच्या दिवस."

मामांनी डबा उघडला. मॅडमनी एक शेंग घेतली, सोलली, खाल्ली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काहून भाऊ, मले समजत नाई मनून कोनं सांगतलं तुमाले? मी अकोल्याकडल्या पातूरची आहो. लग्न होईलोक तिथंच होती."

शेंगा छान होत्या. मी खाल्ल्या नाहीत.

१३ डिसेंबर, संध्याकाळ

वरचं लिहून झाल्यावर थोडं पडलो होतो. आता वावरातून निघाल्यानंतरचं.

शेडवर गेलो. मॅडमनी दामिनीसमोर मी पाठवलेला तक्ता उघडला. दामिनी वाचत गेली. "सात पिढ्या" ला थांबली. संस्थापकाच्या फोटोला थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमना म्हणाली, "हे आमी लिवलेलं नाई. मंजे, मी नाई. बसा, खरं काय ते दाखवते."

दोघी बसल्या. सत्तारभाईंना फोन लावला. सूत कोणत्या मिलचं, रंग कोणता, धागा कुठला. गंगूबाईंना बोलावून पिशवीचा बंद तुटला तर कसा टाकायचा ते शिवून दाखवायला लावलं. मी मध्ये एकदा "एकूण दिशा" म्हणालो. दामिनी म्हणाली, चहा सांगून या.

चहा सांगून आलो तेव्हा मॅडम म्हणत होत्या, "वहिनी, मिश्र कापूस चालते. एका वावराचा पाहिजे असं आमी मागतलंच नव्हतं. मेलात तिसऱ्या परिच्छेदात साफ लिहिलं होतं, जेवढं माहीत हाय तेवढंच लिहा, नाई माहीत तं नाई माहीत लिहा. पन खोटं लिहिलं ना, मंग मले वर सांगावंच लागते."

तिसरा परिच्छेद. एवढी महत्त्वाची गोष्ट पहिल्यात घालायला काय झालं होतं यांना?

जाताना त्या म्हणाल्या, ऑर्डरचं मी आताच काही सांगू शकत नाही.

तरी भेट एकंदर सकारात्मक झाली. चहाची बाजू मी पूर्ण सांभाळली.

१४ डिसेंबर

दामिनी बोलत नाही. भाजीत मीठ बरोबर आहे, म्हणजे राग साधा नाही.

दुपारी एकच वाक्य बोलली. "काम गेलं तं बायांले तुमी सांगसान. मी नाई सांगनार."

१५ डिसेंबर

शेडवर गेलो. गंगूबाईंनी मशीन थांबवली. ती कधी थांबवत नाहीत. म्हणाल्या, "साहेब, ते मॅडम काय बोलली?"

काय सांगायचं ते रस्त्यात नीट जुळवून ठेवलं होतं. जागतिक परिस्थिती, कायदे, युरोप. त्या वाट बघत होत्या. बाकीच्याही मशिनी एक एक करून बंद झाल्या. मी मागच्या खोलीत गेलो आणि धाग्याची रिळं रंगाप्रमाणे लावत बसलो. लावलेलीच होती. पुन्हा लावली.

आज लिहायला बरं वाटत नाही.

१८ डिसेंबर

माफीचा मेल लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात भाषांतराची चूक म्हटलं. दुसऱ्यात हवामान बदलामुळे मामांना पीक बदलावं लागलं, असं. तो बराच चांगला उतरला होता. दामिनीने दोन्ही वाचले आणि स्वतः लिहिलं: "आम्ही चुकीचं लिहिलं होतं. खरी माहिती सोबत आहे. कापूस कोणत्या शेताचा हे आम्हाला माहीत नाही."

मी म्हटलं, एवढ्याने काय होणार? धंद्यात "माहीत नाही" म्हणायचं नसतं. तिने बटण दाबलं.

२४ डिसेंबर

उत्तर नाही. मामांचा फोन आला. डोळ्यांची नवी अपॉइंटमेंट कधीची आहे विचारत होते. नत्थुजींनाही सोबत यायचं आहे म्हणे. घेतली दोघांची.

२ जानेवारी २०२६

उत्तर आलं. ऑर्डर राहिली. दामिनीने वाचून दाखवलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी वाजवत राहिली. भांडी घासलेली होती.

अटी दोन. एक, यापुढे सगळी माहिती दामिनीच्या सहीने जाईल. दोन, संस्थापकाचा संदेश काढावा.

याचा अर्थ स्पष्ट आहे. त्यांनी मला रोजच्या कटकटीतून मोकळं केलं.

बायांना मीच सांगणार होतो. पोहोचेपर्यंत दामिनीने फोनवर सांगून टाकलं होतं. गंगूबाईंनी मला पेढे दिले. त्यांनी स्वतःच्या पैशाने आणले होते. मी दोन खाल्ले, आणि दुसऱ्यावर पाणी मागितलं. कोरडा होता.

१९ जानेवारी

पासपोर्ट तयार. पहिल्या पिशवीचा कोड मोबाईलवर धरला आणि उघडला. वजन. कापड अकोला, विणकर अब्दुल सत्तार. कापूस: मिश्र, वऱ्हाड, शेत माहीत नाही. शिलाई नांदगाव पेठ. गंगूबाईंचा छोटा व्हिडिओ, बंद कसा टाकायचा. त्यात त्या मधूनच "आता गाठ मारा बाप्पा" म्हणतात, आणि खाली त्याचं डच भाषांतर येतं.

माझं नाव शोधलं. भाषा डच करूनही शोधलं.

चांगला झाला आहे. "शेत माहीत नाही" हे वाचताना मात्र अजून कसंतरी होतं.

२८ जानेवारी

दामिनी बोलायला लागली. सांगितलं की पासपोर्टासाठी कटिंगच्या चिंध्या रोज तोलून त्याची नोंद पाठवावी लागते. चिंध्या अकोल्याला जातात, सत्तारभाई त्यांच्या सतरंज्या विणतात. रोजच्या रोज तोलायला शेडवर कोणी मोकळं नाही. "तुमी करा," म्हणाली.

विचार केला. चिंधीपासून पुन्हा वस्तू, यालाच जगात सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात. सध्या सगळ्यात पुढचा विषय हाच आहे. म्हणजे दामिनीने एक अख्खा विभाग माझ्या हाती दिला. ती तोंडाने म्हणणार नाही, पण तिला माझी पात्रता माहीत आहे.

३१ जानेवारी

विभाग सुरू. काटा स्वच्छ केला. पाटीवर विभागाचं नाव लिहायचं म्हणून रंग आणला. गंगूबाईंनी पाटी भाजी निवडायला नेली.

६ फेब्रुवारी

चिंध्या न्यायला अब्दुल सत्तार स्वतः टेम्पो घेऊन आले. पहिलीच भेट. आतापर्यंत ते दामिनीशीच बोलत आले. मी पुढे होऊन हात मिळवला, आणि ओळख करून दिली, की मी या युनिटचा सर्क्युलर इकॉनॉमी प्रमुख. मग थोडं समजावून सांगितलं. युरोप, कायदा, चिंधीचं भविष्य, वऱ्हाडचं स्थान.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फार अदबीचा माणूस आहे. माझं झाल्यावर म्हणाले, "बहोत अच्छा काम है भाई. अब जरा उधर से पकडो."

पकडलं. गोणी जड होती.